गालावरचं घड्याळ

मुलगी झाली तेव्हा तिच्या गालावर काहीच नव्हतं. हे मी आजही ठासून सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की ती तसलंच घेऊन जन्मली. जन्मली तेव्हा दोन्ही गाल सारखे होते. नाळ पडली, आणि त्यानंतर डाव्या गालावर डास चावल्यासारखा एक ठिपका दिसला. मी खोबरेल तेल लावलं. ठिपका वाढला. सव्वा महिन्याचं न्हाणं झालं तोवर तो पिकल्या बोराएवढा झाला होता, बोरासारखाच लाल आणि फुगीर. दाबला की पांढरा पडायचा, बोट काढलं की पुन्हा भरून यायचा.

आम्ही भिलाईत नवीन होतो, आणि भिलाईही नवीनच होती. माझे मालक कारखान्यात खलाशी होते. जहाजावरचे नव्हेत, जड लोखंड साखळ्यांनी उचलून जागेवर बसवणाऱ्यांना तिथे खलाशी म्हणत. मी यवतमाळकडच्या खेड्यातली, चौथीत शाळा सुटलेली. मला भोंग्याची भीती वाटायची, हिंदी बोलायची भीती वाटायची, चुलीऐवजी दगडी कोळशाची शेगडी होती तिचीही भीती वाटायची. सेक्टरची क्वार्टर्स अजून बांधून व्हायची होती, म्हणून क्लार्क, फोरमन, खलाशी अशा सगळ्यांना एकाच ओळीत तात्पुरत्या खोल्या दिल्या होत्या. त्यामुळेच शेजारी नागपूरच्या वहिनी आल्या. त्यांचे यजमान कारखान्याच्या ऑफिसात क्लार्क, त्या स्वतः मॅट्रिक. सुरुवातीलाच ग्रेडप्रमाणे घरं मिळाली असती तर आमची गाठही पडली नसती.

शेगडी पेटवायला त्यांनी शिकवलं. सुपेल्याच्या बाजारात भाजीवाल्याशी माझ्यासाठी त्याच बोलायच्या. वडिलांचं पत्र आलं की त्या वाचून दाखवायच्या, आणि मला रडू आलं की मध्येच थांबून पाणी द्यायच्या. माझं बाळंतपण अडलं तेव्हा यांची ड्यूटी होती. वहिनी स्वतः ओल्या बाळंतीण असून त्यांनीच गाडी बोलावली. आज मी आहे, माझी पोरगी आहे, त्यात त्यांचा हात आहे. आणि तरी त्या बाईवर मी जितकी जळले तितकी आयुष्यात कुणावर जळले नाही.

कारण असं की, त्यांच्याही मुलीला तसाच लाल डाग, आमच्याकडे त्याला लासं म्हणतात, आला. आमच्याआधी थोडंच. त्यांच्या मुलीला उजव्या डोळ्याच्या वर, पापणीपासून भुवईपर्यंत. दोन घरं शेजारी शेजारी, दोन पोरी, दोघींच्या तोंडावर लाल. ओळीत बोलणं होणारच.

सासूबाई तेव्हा गावाहून आल्या होत्या. ग्रहणात गरोदर बाईनं बाहेर पडू नये, हे त्यांना ठाऊक होतं. भिलाईसाठी त्यांनी एक नवा नियम काढला. भट्टी नुकतीच पेटली होती. लोखंडावरचा मळ, त्याला स्लॅग म्हणत, वितळलेला असतानाच नेऊन दूर ओतत, आणि तो ओतला की संध्याकाळचं अर्धं आभाळ जास्वंदीसारखं लाल व्हायचं. पोटुशी असताना वहिनी आणि मी मागच्या दारात उभ्या राहून ते बघत असू. मला तेवढाच एक गमतीचा वेळ होता. सासूबाईंनी हे कुणाकडून तरी ऐकलं.

“पायलं न तू ते आभाळ? आता पोरीच्या तोंडावर उतरलं. हिले कोन करीन?”

हिच्याशी लग्न कोण करील, असं त्या दीड महिन्याच्या पोरीबद्दल विचारत होत्या. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. तो गाल साफ व्हायला पाहिजे, बस.

वहिनींच्या यजमानांनी आभाळाचं वगैरे काही ऐकून घेतलं नाही. चौकशी केली, रजा टाकली, आणि मुलीला घेऊन दोघं नागपूरला मोठ्या दवाखान्यात गेले. वहिनींचं माहेर नागपूरचंच, राहायची अडचण नव्हती. परत आल्या तेव्हा त्यांच्या तोंडी एक नवा शब्द होता: रेडियम. रेडियमची पट्टी असते, ती कातडीवर नुसती ठेवायची, कापणं नाही, टोचणं नाही. थोडा वेळ ठेवायची, काढून घ्यायची, आणि पुढच्या खेपेपर्यंत लाल भाग आपसूक आकसत जातो. खरोखर, पहिल्या खेपेनंतर काही आठवड्यांनी त्या पोरीचा मिटत चाललेला डोळा फटीएवढा उघडला. ओळीतल्या बाया बघायला आल्या. मीही गेले. छान झालं म्हणाले. घरी येऊन माझ्या पोरीला पाजायला घेतलं तर नेमका डावा गाल वर आला. मी तिला दुसरीकडून घेतलं.

त्यानंतर रोज सकाळी उठून मी आधी त्यांची पोर बघायची, मग माझी.

पुढच्या खेपेआधी वहिनींना पुन्हा दिवस राहिले. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की पट्टी लावताना मुलीला कुणीतरी धरून बसावं लागतं, पण गरोदर बाईनं त्या खोलीत यायचं नाही. यजमानांना रजा मिळेना. वहिनी माझ्याकडे आल्या. त्यांनी कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मागताना त्यांना अवघड जात होतं.

“तू येतेस का गं सोबत? तिला तुझी सवय आहे.”

मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? पण खरं सांगायचं तर मनात आनंद झाला. माझी पोरगी अजून अंगावर पीत होती, तिलाही सोबत न्यावंच लागणार होतं. नेली की डॉक्टरांना दिसणार होती.

दुर्गहून गाडीत बसलो, दोघींच्या मांडीवर दोघी. सगळ्या प्रवासात मी माझ्या मनाशी एकच वाक्य घोकत होते, डॉक्टरांना म्हणायचं ते.

दवाखान्यात वहिनी बाहेर बाकावर बसल्या, माझ्या मुलीला घेऊन. त्यांच्या मुलीला घेऊन मी आत गेले. नर्सनं तिला चादरीत घट्ट गुंडाळलं आणि माझ्या मांडीवर दिलं. डोक्याला दोन्ही हातांनी धरायचं, एवढंच माझं काम. डॉक्टरांनी बुबुळ जपायला पापणीखाली काहीतरी सरकवलं. मग शिशाच्या जाड पेटीचं झाकण उघडून लांब चिमट्यानं ती पट्टी काढली. मला वाटलं होतं कापडाची असेल. ती होती धातूची, चपटी, नखाएवढी, एका बाजूला लाखेसारखा चकचकीत थर. त्यांनी ती लाल भागावर बसवली, वरून चिकटपट्टी मारली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि सगळे मागे सरकले. नर्स भिंतीपाशी गेली. डॉक्टर दाराशी.

मी आणि ती पोर, दोघीच मध्ये राहिलो. भीती वाटली. पोरीचं डोकं हलू नये म्हणून मी कोपरं अंगाला दाबून धरली. पण भीतीपेक्षाही मोठं दुसरं काहीतरी वाटत होतं. औषध किती जबर असेल, की शिकलेली माणसं त्याच्यापासून लांब उभी राहतात. आणि एवढं जबर औषध माझ्या मांडीवर आहे, माझ्या हातांमध्ये आहे, पण पोर माझी नाही. माझी बाहेर बाकावर, दुसरीच्या मांडीवर.

वेळ झाली. डॉक्टरांनी पट्टी काढली. ती पेटीत जायच्या आत मी बोलले. घोकलेलं वाक्य पार विसरले.

“साहेब, माह्या पोरीले बी लावून द्या न. पट्टी पेटीबाहीर हायेच.”

नर्स हसली. डॉक्टर हसले नाहीत. पट्टी पेटीत ठेवून त्यांनी माझ्या मुलीला आत आणवलं. अंगठ्यानं तिचं बोर दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. दूध नीट पिते का विचारलं. मग म्हणाले, “हिला काही लावू नका. हात लावू नका. शाळेत जाईपर्यंत हे आपोआप जाईल.”

“तिले तं लावली न?”

“तिचा डोळा झाकला जात होता. तसं नसतं तर तिलाही लावली नसती.”

त्यांनी नीट सांगितलं होतं, हे मी आज कबूल करते. तेव्हा कानांनी ऐकलं, आत काही गेलं नाही. मला फक्त ‘आपोआप’ एवढाच शब्द ऐकू आला. आमच्या गावात दवाखाना नव्हता, तिथे सगळं आपोआपच बरं व्हायचं, नाहीतर माणूस आपोआप मरायचं. त्यांनी माझं लुगडं पाहिलं असेल, माझं बोलणं ऐकलं असेल. मॅट्रिक झालेल्या बाईच्या पोरीला रेडियम आणि खलाशाच्या पोरीला आपोआप, असाच त्याचा अर्थ मी लावला.

परतीच्या गाडीत वहिनींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “सुटलीस गं तू. मला विचार, दर खेपेला जिवाला किती घोर लागतो.” त्या मनापासून बोलत होत्या. मला वाटलं, भरल्या ताटावर बसून उपाशी माणसाला सांगतात, तुझं बरं आहे, तुला अजीर्ण व्हायचं नाही. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांना उलट्या होत होत्या, म्हणून गोंदियापासून दोन्ही पोरी माझ्याच मांडीवर होत्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वहिनींचे यजमान अंगणात बसलेले असताना मी त्यांना विचारलं की रेडियम म्हणजे असतं तरी काय. ते वर्तमानपत्र वाचत होते. सहज म्हणाले, अहो, तुमच्या घरातही आहे. घड्याळाचे काटे अंधारात चमकतात ना, त्यावर तेच लावतात.

मी उठून घरात गेले. यांचं घड्याळ माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं होतं. जावई कारखान्यात लागला, त्याला वेळ पाहावी लागेल, म्हणून दिलं होतं. दार लावलं, पदराखाली धरलं. आकडे आणि काटे हिरवे, काजव्यासारखे. मला हसूही आलं आणि रडूही. नागपूरपर्यंत जाऊन ज्याच्यासाठी हात पसरले, ते माझ्या बापानं आधीच देऊन ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी सुरू केलं. यांची रात्रपाळी असली की हे दिवसा झोपत, तेव्हा घड्याळ मोकळं असे. पोरीला पाजून निजवायची, घड्याळाचं तोंड तिच्या गालाला लावायचं, जुन्या लुगड्याच्या मऊ चिंधीनं डोक्यावरून बांधायचं. डॉक्टरांनी वेळ पाहिली होती तशी मलाही पाहायची होती, पण वेळ पाहायची तर घड्याळ पोरीच्या गालावर. मग मी भोंग्यावर ठरवलं. एका भोंग्याला बांधायचं, पुढच्या भोंग्याला सोडायचं. तोवर ती उठली नाही तर. सोडलं की गालावर घड्याळाचा गोल वळ उठलेला असे आणि मध्ये ते बोर.

एक दिवस हे लवकर उठले आणि घड्याळ शोधू लागले.

“घड्याळ कुठी हाय?”

“पोरीच्या गालावर.”

ते येऊन बघत उभे राहिले. मग म्हणाले, “म्हंजे आता टाइम पाहाले हिले उचलून फिरू का मी?”

मी रडायला लागले. नागपूरचं सगळं सांगितलं, जे आल्यावर सांगितलं नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले, नर्स कशी हसली.  खाली बसले, माझी चिंधी सोडली, आणि स्वतः पुन्हा बांधली. खलाशाची गाठ ती, ओझं घसरू न देणारी, पण पोरीला काचली नाही. त्यानंतर दिवसपाळीलाही ते कधी कधी घड्याळ घरी ठेवून जात आणि वेळ दुसऱ्यांना विचारत.

दिवस गेले. वहिनींना मुलगा झाला. पोरी चालायला लागल्या. आणि एका सकाळी मला माझ्या मुलीच्या बोराच्या मधोमध राखेसारखा रंग दिसला. उन्हात नेऊन पाहिलं. खरंच होता. मग तो राखाडीपणा पसरत गेला, बोर चपटं होत गेलं. मी ओळभर सांगत सुटले. बाया घड्याळ बघायला आल्या, जशा आधी वहिनींकडे गेल्या होत्या. एकीनं तर आपल्या पायाच्या भोवरीला लावून पाहिलं.

वहिनींच्या मुलीचा डोळा एव्हाना पूर्ण उघडला होता. तिचं लाल गेलं होतं. पण तिथली कातडी पांढरट, गुळगुळीत झाली होती, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी, आणि उजवी भुवई अर्ध्यावर थांबली होती. पुढे केस उगवलेच नाहीत. कानशिलाकडे लालीची एक रेघ उरली होती, तिच्यासाठी डॉक्टर आता पट्टी लावायला तयार नव्हते. पुरे म्हणाले.

मग वहिनी आल्या. दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, घड्याळ दोन दिवस देशील का.

दिलं. त्यांना नाही कसं म्हणणार? पण घड्याळ गेल्यापासून माझं कशात लक्ष लागेना. आतलं औषध किती असेल, वापरून संपत असेल का, हे कोण जाणे. माझ्या पोरीच्या गालावर अजून मसुरीएवढं उरलं होतं. त्यांच्या पोरीला एकदा मिळालं होतं, नागपूरचं, पेटीतलं. आता माझ्या बापाचंही तिलाच. दुसऱ्या दिवशी दुपारीच मी गेले. वहिनी मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. घड्याळ पांढऱ्या स्वच्छ पट्टीनं बांधलेलं होतं, दवाखान्यातल्यासारखं नीटस, माझ्यासारखं चिंधीनं नाही. तेही मला सहन झालं नाही. म्हटलं, यांची ड्यूटी बदलली, घड्याळ पाहिजे.

वहिनींनी पट्टी सोडली. पदरानं काच पुसली. घड्याळ माझ्या हातात देताना म्हणाल्या, “तुझ्या पोरीचं झालं ना सगळं? मग घाई कसली गं?”

मी घड्याळ घेऊन घरी आले. त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं राहिलं. मग क्वार्टर्स मिळाली. आम्हाला सेक्टर ६ मध्ये, त्यांना त्यांच्या ग्रेडप्रमाणे मोठी, पलीकडच्या रस्त्यांवर.

पोरी मात्र एकाच शाळेत गेल्या. पहिल्याच वर्षी शाळेत तपासणीला एक डॉक्टरीणबाई आल्या. माझ्या मुलीचा गाल उजेडाकडे वळवून त्यांनी विचारलं की इथे लासं होतं का, काय लावलं होतं. मी अभिमानानं सांगितलं, घड्याळ. त्यांनी मला नागपूरपासून सगळं पुन्हा सांगायला लावलं. हसल्या, पण माझा पाणउतारा होईल असं नाही. मग समजावलं की काचेच्या आतलं ते एवढंसं काही करत नाही, नाहीतर तुमच्या मालकांचं मनगट आधी गेलं असतं. असली लासी बहुतेक मुलांची अशीच, आपली आपण जातात. हात लावू नका असं ज्यांनी सांगितलं, त्यांचे आभार माना.

मुलीचा गाल साफ होता. मी पेढे वाटायला पाहिजे होते. पण शाळेतून घरी येताना वाटत होतं की कुणीतरी माझ्याजवळचं काढून घेतलं. रेडियम मिळालंच नव्हतं, आता घड्याळही गेलं.

मग वहिनींची आठवण आली. त्यांना अजून वाटत असेल की मी त्यांच्या पोरीचा इलाज अर्ध्यावर काढून नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळेआधीच मुलीला घेऊन त्यांच्या क्वार्टरवर गेले. वहिनी खिडकीपाशी बसल्या होत्या, पुढ्यात मुलगी. एका हातानं तिची हनुवटी धरून दुसऱ्या हातानं काजळाच्या काडीनं तिची अर्धी भुवई पुरी करत होत्या. एकेक केस काढावा तशी. माझी मुलगी जवळ जाऊन बघत राहिली.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की डॉक्टरीण म्हणाली, घड्याळानं काही होत नाही.

वहिनींनी काडी थांबवली नाही. “मला माहीत होतं. आमच्या यांनी तेव्हाच सांगितलं होतं, काचेतून काही यायचं नाही म्हणून.”

“मंग कावून मांगितलं?”

“तू रोज बांधत होतीस. तुझ्या पोरीचा गाल साफ होत होता.” त्यांनी भुवईचं टोक बोटानं नीट केलं. “मी मॅट्रिक झाले म्हणून मला काही होत नव्हतं असं वाटलं तुला?”

मी खाली बसले. त्यांनी चहाचं विचारलं, मी हो म्हटलं. तेवढ्यात माझी मुलगी रडायला लागली. तिलाही भुवई काढून पाहिजे होती. मी म्हटलं, तुले हाय न, दोन दोन हायेत. ती म्हणाली, तशी नाही, हिच्यासारखी. ऐकेचना. शेवटी वहिनींनी तिला पुढे ओढलं, हनुवटी धरली, आणि तिच्या असलेल्या भुवईवरच काजळाची एक बारीक रेघ ओढली. पोरगी आरशात पाहून गप्प झाली.

मला आजही वाटतं, एकदा, फक्त एकदा ती शिशाची पेटी माझ्या पोरीसाठी उघडायला पाहिजे होती. उपयोग नव्हता, नुकसानच होतं, सगळं कळतं. तरी वाटतं.

संध्याकाळी शाळेतून आली तेव्हा तिची रेघ पुसली गेली होती. दप्तर टाकून म्हणाली, तिची आई तिला रोज काढून देते. मी म्हटलं, हो, देते. तर म्हणाली, मग तू मले कावून नाही देत?

मी सुपेल्याला गेले आणि काजळाची डबी घेऊन आले.